जोडीच्या तारा

माझ्या बैठकीच्या खोलीत दोन वाद्ये शेजारी शेजारी उभी असतात. एक वडिलांचा मिरजेचा तंबोरा आणि दुसरी बारा तारांची एक जुनी गिटार. घरी येणारा मराठी पाहुणा तंबोऱ्याला नकळत नमस्कार करतो आणि गिटारीकडे बोट दाखवून विचारतो, "ही मुलाची वाटतं?" मला मुलगा नाही. गिटार माझी आहे, आणि वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मी ती वाजवावयास शिकलो. माझे वाजविणे बेताचेच, त्याविषयी कोणाची तक्रार नसते आणि कौतुकही नसते. परंतु ह्या वाद्यापायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती निस्तरता निस्तरता मला थोडा इतिहास वाचावा लागला. तो येथे सांगावयाचा आहे.

मी राहतो ते जर्सी सिटी हे गाव न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या ह्या काठावर वसलेले आहे. येथे न्यूअर्क ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर आपल्याकडची दुकाने ओळीने आहेत. भाकरीच्या पिठापासून निरांजनापर्यंत सगळे मिळते. १९९९ साली माझ्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पश्चात त्यांच्या घरातले सामान अंगणात मांडून विकायला काढले होते. इस्त्री, कपबशा, ख्रिसमसचे दिवे, आणि त्या सगळ्यांत आडवी पडलेली ही गिटार. डोक्यावर स्टेला असे नाव, पोटावरचा रंग उडालेला, आणि चाव्या मोजल्या तर बारा. सतारीच्या गावात वाढलेल्या माणसाला जास्त तारांचे आकर्षण असावे हे साहजिक आहे. मी १२० डॉलर मोजले आणि ती घरी आणली.

बारा तारा म्हणजे बारा स्वर नव्हेत. त्या सहा जोड्या असतात. बारीक अंगाच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या. उरलेल्या चार जोड्यांत एक जाड आणि दुसरी तिच्याच वरच्या सप्तकातली, केसासारखी बारीक. बोट एक, पण दाबावयाच्या तारा दोन. सुरुवातीचे दोन महिने माझ्या डाव्या हाताची बोटे भाजल्यासारखी झाली होती. आणि लावण्याचा खटाटोप! योहान मॅथेसन ह्या जर्मन पंडिताने १७१३ साली ल्यूट वाजविणाऱ्यांची थट्टा केली होती, की ऐंशी वर्षे जगलेल्या वादकाची साठ वर्षे तारा जुळविण्यात गेलेली असतात. बारातारी गिटारवाल्यांनाही ती टोपी तंतोतंत बसते.

मात्र जुळल्यावर जे ऐकू येते त्यासाठी हे सगळे सोसावे. ज्याने तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावल्या आहेत त्याला हे निराळे सांगावयास नको. दोन तारा कितीही काटेकोर मिळविल्या तरी त्यांच्यात केसभर अंतर राहते, आणि त्या अंतरातून नाद हेलकावे घेतो. पदार्थविज्ञानात त्याला विस्पंद म्हणतात. तंबोऱ्यात हा जोड एक, येथे सहा. एक साधा स्वरसमूह छेडला तरी खोलीत कोणीतरी लांबून घंटा वाजवीत येत असल्याचा भास होतो.

आता माझी चूक. दुकानातून नव्या तारांचा जुडगा आणला. पाकिटावर कोणती तार कोणत्या स्वरात लावावयाची ते छापलेले होते: पहिली आणि शेवटची जोडी पांढरी तीनमध्ये, म्हणजे इंग्रजी ई स्वरात. मी छापील आज्ञा पाळणारा माणूस, तसे केले. बारा तारा त्या स्वराला आणल्या म्हणजे त्यांची एकत्रित ओढ १०० किलोच्या वर जाते. सहा तारांच्या गिटारीवर ती ७०च्या आसपास असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. रात्री दोनच्या सुमारास अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. सकाळी पाहतो तर घोडीखालची तबली खचलेली, दांडी सांध्याशी पुढे झुकलेली, आणि तबलीवर वीतभर चीर. सत्तर वर्षे जगलेले वाद्य मी तीन दिवसांत आडवे केले होते.

ज्या कारागिराकडे ते नेले तो मनाने चांगला आणि हिशेबाने सरळ होता. त्याने आरसा आत घालून मला दाखविले. तबलीच्या खाली आधाराच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या होत्या. चांगल्या गिटारीत त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून बसवतात, म्हणजे ओढ सगळीकडे वाटली जाते. "ही स्वस्तातली गिटार," तो म्हणाला. "आतले सगळे काढतो, फुली बसवतो, मग ही कितीही ओढा." मी विचारले, आवाज तोच राहील का? त्याने खांदे उडविले आणि आवाज सुधारेल असे सांगितले.

मी निर्णय घेईना. त्या रविवारी मिरजेला फोन केला. आमच्या जुन्या घराजवळ सतारमेकरांची दुकाने होती, त्यांतल्या एका दुकानात मी लहानपणी भोपळ्यांच्या राशीवर बसून दुपारी काढल्या आहेत. ह्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले, गवयांचे आले, आणि त्या हातांनी तंबोरे घडवावयास घेतले. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळ्यांनी ह्या गोष्टी वाचल्याच असतील. दुकानातले चाचा त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारले, "षड्ज कुठला धरलास?"

"पांढरी तीन, चाचा."

"कोण म्हणालं?"

"पाकिटावर छापलंय."

"पाकीट आज छापलंय, बाळ. वाद्य कधीचं आहे? ज्यानं वाजवलं, त्यानं कुठला धरला होता, ते बघ आधी."

माझा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला तो ह्या प्रश्नापासून.

पहिली गोष्ट समजली ती लाजविणारी होती. ही गिटार परदेशातून, दक्षिणेतून, कोठून तरी लांबून आलेली असावी असे मी धरून चाललो होतो. ती ऑस्कर श्मिट नावाच्या कारखान्यात झालेली निघाली, आणि तो कारखाना होता जर्सी सिटीतच, फेरी स्ट्रीटवर. माझ्या घरापासून चढण चढून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर. श्मिट मूळचा जर्मनीतल्या सॅक्सनीचा. त्याने हजारो गिटारी, युकुलेल्या, झिथर तयार करून विकल्या. त्याचे फिरते विक्रेते गावोगाव दारोदार जात, शिकवणीसकट वाद्य हप्त्याने देत. लाकूड साधे, बर्चचे. त्यावर रंगाने उंची लाकडाच्या रेषा काढलेल्या. आपल्याकडे भिंतीवर संगमरवराची नक्षी रंगवतात, त्यातला प्रकार. श्मिट १९२९ साली वारला, मंदी आली, आणि १९३९ साली स्टेला हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीने विकत घेतले.

हे वाद्य कोण विकत घेत असे? ज्याला भारी वाद्य परवडत नाही, पण ज्याचे पोट आवाजावर चालते, असा माणूस. ध्वनिवर्धक नव्हता. रस्त्याच्या कोपऱ्यावर, गुत्त्यात, कापसाच्या शेतावरच्या शनिवारच्या नाचात एकट्याने गायचे म्हणजे मागे भरीव नाद हवा. बारा तारा हा गरिबाचा वाद्यवृंद होता. अटलांटात बार्बेक्यू बॉब १९२७पासून बारातारीवर तबकड्या भरू लागला. जॉर्जियाचा आंधळा विली मॅकटेल तर तिच्यावर इतका नाजूक वाजवी, की ऐकणाऱ्याला दोन माणसे बसली आहेत असे वाटावे. टेक्ससमध्ये लिडिया मेंडोझा ही मेक्सिकन कुटुंबातली मुलगी सॅन अँटोनिओच्या बाजारचौकात आईबापांबरोबर नाण्यांसाठी गात असे. १९३४ साली बारातारीवर तिने म्हटलेल्या एका गाण्याने तिचे नाव झाले. त्या गाण्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर छापलेले मिळाले होते. ती २००७ साली वारली, राष्ट्राचे कलापदक घेऊन.

जोडीच्या तारा ही काही अमेरिकेची नवलाई नव्हे. सतराव्या शतकात युरोपातल्या गिटारीला पाच जोड्या असत. व्हायोलिनांमुळे ज्याचे नाव घरोघर गेले त्या अंतोनियो स्त्रादिवारीने गिटारीही केल्या, आणि त्याची १६७९ सालची एक आजही वाजते. १८००च्या सुमारास जोड्या जाऊन सुट्या सहा तारा आल्या, त्यालाच आपण आज 'मूळ' गिटार समजतो. मेक्सिकोच्या उत्तरेकडे बाहो सेक्स्तो नावाचे सहा जोड्यांचे खर्जाचे वाद्य अकॉर्डियनच्या साथीला असते. आणि आपल्या गोव्यात फादोबरोबर जी पोर्तुगीज गितार्रा वाजते, तिला मोजून बारा तारा, सहा जोड्या असतात. ती कुळाने वेगळी, पेरूच्या आकाराची. पण पणजीत एका संध्याकाळी ती ऐकताना माझी नजर वादकाच्या डाव्या हातावरून हलली नाही. असो.

चाचांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला एकाच माणसाकडे मिळाले. त्याचे नाव हडी लेडबेटर. जग त्याला लेडबेली म्हणते.

हा लुइझियानातल्या मूरिंग्जपोर्टजवळ १८८८च्या सुमारास जन्मला. शेतावर राबणाऱ्या काळ्या कुटुंबातला. श्रीव्हपोर्ट शहराच्या बदनाम वस्तीत, फॅनिन स्ट्रीटवर, पियानोवाल्यांचा डावा हात खर्जात कसा गडगडत चालतो ते त्याने पोरवयात ऐकले आणि पुढे तोच चालता खर्ज बारातारीवर आणला. डॅलसमध्ये ब्लाइंड लेमन जेफरसनबरोबर रस्त्यावर गायला. हात गिटारीवर जसा चाले तसा मारामारीतही चाले. १९१८ साली एका नातेवाइकाच्या खुनाबद्दल टेक्ससमध्ये त्याला शिक्षा झाली. १९२५ साली गव्हर्नर पॅट नेफने त्याला माफी दिली, त्या आधी तुरुंगभेटीत नेफने त्याचे गाणे ऐकले होते. १९३० साली पुन्हा गुन्हा, आणि लुइझियानाच्या अँगोला तुरुंगशेतावर रवानगी.

तेथे जुलै १९३३मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन मोटारीत मुद्रणयंत्र घालून आले. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ते लोकगीते गोळा करीत होते. तुरुंगात बाहेरच्या जगाचा वारा लागलेला नसल्यामुळे जुनी गाणी तेथे शुद्ध सापडतील, असा त्यांचा कयास. सापडला लेडबेली. पुढल्या वर्षी ते पुन्हा आले. ह्या खेपेस त्याने गव्हर्नर ऑस्कर ॲलनला उद्देशून सुटकेचे गाणे तबकडीवर भरले, लोमॅक्सने ती तबकडी गव्हर्नरच्या कचेरीत पोहोचविली, आणि १ ऑगस्ट १९३४ रोजी लेडबेली सुटला. गाण्याने तुरुंगाचे दार उघडले! तानसेनाने दिवे लावले ह्याच जातीची ही कथा. ती वर्तमानपत्रांना अतिशय आवडली. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी मागाहून कळविले ते फारसे कोणी वाचले नाही: चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळण्याच्या नियमानुसार तो सुटला होता, गाण्याचा संबंध नव्हता.

मला ही दुसरी हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. कारण पहिल्या कथेत उपकार करणारे दोन गोरे गृहस्थ आहेत आणि उपकृत झालेला एक काळा. कथेने पुढे कोणते रूप घेतले पाहा. लेडबेली लोमॅक्सची मोटार हाकू लागला आणि त्याच्या व्याख्यानांत गाऊ लागला. १९३५ साली 'मार्च ऑफ टाइम' ह्या चित्रपटगृहांतून दाखविल्या जाणाऱ्या बातमीपटात दोघांनी आपलीच भूमिका केली. सुटलेल्या माणसाला पुन्हा कैद्याचे कपडे घालावयास लावले, आणि तुमच्या बुटाचे बंदसुद्धा मी बांधीन अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडी दिले. तो स्वतः नीट इस्त्रीचा सूट आणि गळ्याला बो घालून गात असे. त्याची छायाचित्रे पाहावीत. कार्यक्रमांच्या मिळकतीत दोन तृतीयांश लोमॅक्स पितापुत्रांचे आणि एक तृतीयांश त्याचे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पैशांवरून दोघांचे फाटले.

लोमॅक्सविषयी मला तिरस्कार नाही. तो नसता तर ह्या आवाजाची एकही खूण न राहण्याचा संभव होता. पण १९४०चा एक प्रसंग सांगतो. अटलांटाच्या एका हॉटेलच्या खोलीत तो आंधळ्या मॅकटेलचे मुद्रण करीत होता. गोऱ्यांकडून होणाऱ्या जाचाच्या तक्रारीची काही गाणी येतात का, असे त्याने खोदून खोदून विचारले. मॅकटेलने सभ्यपणाने, अडखळत, अशी गाणी आपणांस ठाऊक नाहीत म्हणून सांगितले. तबकडीवर ते सगळे आहे. गोऱ्या पाहुण्याच्या खोलीत बसलेला आंधळा काळा माणूस दुसरे काय सांगणार? ते मी ऐकले तेव्हा मला गाण्यांपेक्षा तो अडखळणारा आवाजच जास्त दिवस आठवत राहिला.

लेडबेली संत नव्हता. १९३९ साली न्यूयॉर्कमध्येही मारामारीपायी तो तुरुंगात जाऊन आला. परंतु त्यानंतरची दहा वर्षे पूर्व दहाव्या रस्त्यावरच्या ४१४ क्रमांकाच्या इमारतीतले त्याचे लहानसे घर हे गाणाऱ्यांचे माहेर झाले होते. पीट सीगर, वुडी गथ्री तेथे येत. ६ डिसेंबर १९४९ रोजी मज्जातंतूंच्या दुर्धर विकाराने तो गेला. आणि १९५०च्या उन्हाळ्यात त्याचे 'आयरीन' हे गाणे सीगरच्या वीव्हर्स मंडळींनी गायिले, ते तेरा आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होते. त्याला सहा-आठ महिने अधिक मिळाले असते तर! हे गाणेही त्याने चुलत्याकडून उचललेले, आणि त्याचे मूळ गसी डेव्हिस ह्या काळ्या गीतकाराच्या १८८६च्या रचनेत आहे. म्हणजे वारसा कोणाचा कोठे पोहोचला ह्याचा हिशेब सोपा नाही. १९५६ साली लोनी डोनेगनने त्याचे रेल्वेचे गाणे इंग्लंडभर गाजविले, आणि त्या लाटेत लिव्हरपूलच्या ज्या पोरांनी गिटारी घेतल्या त्यांतून पुढे बीटल्स निघाले. १९६३ साली रूफटॉप सिंगर्सचे दोन बारातारींवरचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा कारखान्यांनी पुन्हा ह्या गिटारी भराभर काढल्या. ते गाणे १९२९ साली प्रथम तबकडीवर भरणारा गस कॅनन मेम्फिसमध्ये म्हातारा झालेला. घर ऊबदार ठेवण्यासाठी त्याने त्या हिवाळ्यात आपला बॅन्जो गहाण टाकला होता असे सांगतात. माझी भाची लेडबेलीला ओळखते ती कर्ट कोबेनमुळे, त्याने नोव्हेंबर १९९३मध्ये दूरदर्शनवर म्हटलेल्या एका गाण्यामुळे. पिढीगणिक कोणीतरी त्याला नव्याने उकरून काढतो.

आता षड्ज. लेडबेलीची स्टेला लांब दांडीची होती. वाजती तार २६.५ इंच, नेहमीच्या गिटारीहून इंच-दीड इंच अधिक. तारा जाड. आणि तबकड्यांबरोबर मी माझी बाजाची पेटी लावून पाहिली तेव्हा खर्जाची जोडी पांढरी तीनमध्ये कोठेच सापडेना. ती होती पांढरी एकमध्ये. काही गाण्यांत तिच्याही खाली अर्धा स्वर. सीगरने १९६२ साली ह्या गिटारीची शिकवणीची तबकडी काढली, तिच्यातही हाच उपदेश आहे: जाड तारा घाला, खाली उतरवा. जुन्या लोकांनी ह्या आडव्या पट्ट्यांच्या, हलक्या लाकडाच्या वाद्याला झेपेल तेवढीच ओढ दिली होती, आणि तो घनगंभीर गडगडाट ह्याच उतरविण्यातून आला होता. वाद्य स्वस्त होते, पण त्यात दोष नव्हता. दोष त्याच्या डोक्यावर मी चढविलेल्या चार अर्धस्वरांचा होता.

मी कारागिराला सांगितले, फुली नको. चीर सांध, दांडी सरळ कर, सुटलेल्या पट्ट्या होत्या तशाच पुन्हा चिकटव. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. पण काम सुरेख करून दिले. चीर अजून दिसते, तबलीच्या आतून तिला तीन चिमुकल्या चकत्यांचे टाके आहेत. जाड तारा घालून, रोज थोडी थोडी वर आणीत, आठ दिवसांनी मी ती पांढरी एकला आणून ठेवली.

तंबोरा वडिलांच्या मागे २००३ साली विमानाने आला. त्यांची पट्टी पांढरी एक. तो मी गिटारीशेजारी उभा केला त्यामागे जागेची अडचण ह्यापलीकडे काही हेतू नव्हता. त्या रात्री गिटारीची खर्जाची जोडी छेडून मी हात उचलला आणि तारा तळव्याने बंद केल्या, तरी आवाज चालूच राहिला. तंबोरा बोलत होता. जोड बोलत होता, खर्ज बोलत होता. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आज किती वर्षांनी लावलात!"

चाचा त्यापूर्वीच गेले होते. त्यांचा मुलगा दुकान पाहतो. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी त्याला फोन लावला, फोन दोन वाद्यांच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि गिटार छेडली. तिकडे मिरजेत सकाळचे नऊ वाजले असावेत. मागे कोणीतरी भोपळा घासत असल्याचा आवाज येत होता. त्याने पुरते ऐकून घेतले.

"गिटार ठीक आहे, दादा," तो म्हणाला. "तंबोऱ्याचा पंचम चढलाय."

मी खुंटी उतरविली.